लागेल तसं पाणी

मागच्या पावसाळ्यात मला शेंगोळे खायचे होते. हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या रश्श्यातले, आजी करायची तसे. आजी आता नाही. माझ्याकडे स्वयंपाकाची सदतीस पुस्तकं आहेत. बरीचशी रद्दीच्या दुकानातून आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवरून उचललेली, काहींची पानं हळदीनं पिवळी झालेली. ती सगळी जमिनीवर पसरून मी शेंगोळे शोधायला बसलो.

पहिल्या अर्ध्या तासात हाती काही लागलं नाही, कारण मी ‘हुलगा’ शोधत होतो. मग एका सूचीत ‘कुळीथ’ दिसला आणि ट्यूब पेटली. देशावरचा हुलगा म्हणजेच कोकणातला कुळीथ. धान्य एक, नावं दोन, आणि माझ्या बऱ्याच पुस्तकांनी कोकणातलं नाव घेतलेलं. कुळथाचं पिठलं सापडलं, कुळथाचं सार सापडलं. शेंगोळे शेवटी दोन पुस्तकांत मिळाले. एकात कृती इतकी त्रोटक होती की ज्याला शेंगोळे येतात त्यालाच ती कळावी. दुसऱ्यात माप होतं, पण रश्श्याचं पाणी किती हे अंदाजावर सोडलेलं.

फोनवर शोधलं तर ढीगभर व्हिडिओ आले. कुणी ज्वारीचं पीठ मिसळतं, कुणी गव्हाचं, कुणी शेंगदाण्याचं कूट लावतं. सगळे चांगले दिसत होते. आजीचे त्यातले कुठले हे मात्र मला सांगता येईना.

तेव्हापासून मी ही पुस्तकं वेगळ्या नजरेनं वाचतो आहे. कादंबरी वाचताना आपण विचारतो की हे कोण सांगतंय आणि कुणाला. पाककृतीला हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण तिला आपण साहित्य समजत नाही, माहिती समजतो. पण पाककृतीतही सांगणारा आणि ऐकणारा असतोच. ऐकणारा कोण हे ओळखायचं असेल तर कृतीत काय लिहिलेलं नाही ते बघावं. ‘नेहमीसारखी फोडणी करावी’ असं ज्या पुस्तकात असतं, त्या पुस्तकानं तुमच्या नेहमीच्या फोडणीबद्दल आधीच काहीतरी ठरवलेलं असतं. ती मोहरी-हिंग-हळदीची असणार, तुमच्या घरात तेल असणार, आणि ती तुम्हाला कुणीतरी शिकवलेली असणार.

*

छापील मराठी पाकपुस्तकांतलं एक सर्वांत जुनं म्हणजे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’, १८७५ सालचं. नाव वाचून टोमॅटो सूप आठवू नका. संस्कृतात सूप म्हणजे डाळीचं वरण किंवा कालवण, आणि सूपशास्त्र म्हणजे पाकशास्त्र. पुस्तक लिहिणारा पुरुष, आणि रोजच्या कामाला दिलेलं नाव ‘शास्त्र’. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ येतं. आता लिहिणारी बाई आहे आणि वाचणारीही बाई आहे. शास्त्राची मैत्रीण झाली. त्यानंतर १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मैत्रिणीची सासू झाली. हे मी गमतीनं म्हणत नाही. कमलाबाईंना कौतुकानं ‘एक लाख सुनांची सासू’ म्हटलं जायचं. पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या, आणि प्रत्येक प्रतीमागे एक सून धरलेली होती.

मी सून नाही. मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन मित्रांबरोबर राहणारा मुलगा आहे. ‘रुचिरा’ माझ्यासाठी लिहिलेलं नाही, तरी मला ते कधीच परकं वाटलं नाही. बरेच दिवस याचं कारण कळत नव्हतं. मग एक दिवस क्रियापदांकडे लक्ष गेलं.

जुन्या मराठी पाककृतीचं क्रियापद ‘-आवे’ असं संपतं. कांदा चिरावा. तेलात परतावा. खाली उतरून वाढावे. या वाक्यांना कर्ता नसतो. कांदा कुणी चिरावा? सुनेनं, विधुरानं, हॉस्टेलवरच्या पोरानं? वाक्य काही सांगत नाही. मुखपृष्ठावर आणि प्रस्तावनेत स्वयंपाक बाईचा असतो, पण कृतीच्या आत शिरलं की व्याकरण दार उघडं ठेवतं. मी त्या दारातून आत गेलो. माझ्या पिढीतली बरीच मुलं अशीच गेली असतील.

*

‘रुचिरा’चं खरं यश मापात आहे, आणि ते समजायला थोडा इतिहास लागतो. भारतात मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दुकानांतून शेर, छटाक, तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले. म्हणजे १९७०मध्ये नव्यानं संसार मांडलेल्या मुलीची आई शेरात विचार करणारी, आणि मुलीचा वाणी ग्रॅममध्ये मोजून देणारा. शेरही सगळीकडे सारखा नव्हताच. या गोंधळात कमलाबाईंनी माप दिलं ते वाटी आणि चमच्याचं. वाटी दोन्ही पिढ्यांच्या फडताळात होती. तराजू कुणाच्याच ओट्यावर नव्हता.

वाटीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कुणाची वाटी? माझ्या फ्लॅटवर दोन वाट्या आहेत. एकीत दीडशे मिलिलिटर पाणी मावतं, दुसरीत सव्वादोनशे. तरी शिरा दोन्हींनी जमतो. रवा, साखर, तूप, पाणी एकाच वाटीनं मोजलं की प्रमाण टिकतं, फक्त शिरा कमी-जास्त होतो. वाटी हे वजन सांगणारं माप नाहीच, ती गुणोत्तर सांगते. शाळेत फारसं न शिकलेल्या एका बाईनं लाखभर घरांना गुणोत्तर शिकवलं आणि कुणाला त्या शब्दाची आठवणही होऊ दिली नाही. हे मला फार मोठं काम वाटतं.

पण हिशेबात एक फट आहे, आणि ती मला पदार्थ बिघडवूनच सापडली. वाटी मोठी झाली तरी चमचा तोच राहतो. मोठ्या वाटीनं डाळ घेतली आणि लिहिल्याप्रमाणे चमचाभर तिखट घातलं, तर आमटी मिळमिळीत होते. लहान वाटीनं घेतली तर तीच आमटी झणझणीत. माझा अनुभव असा की पुस्तकावरून केलेले गोड पदार्थ सहसा चुकत नाहीत, कारण तिथं सगळं वाटीत असतं. चुकतात त्या आमट्या आणि भाज्या, जिथं वाटी आणि चमचा एकत्र येतात. ही फट बुजवायला ‘चवीनुसार’ हा शब्द येतो. म्हणजे जिथं माप थकतं तिथं पुस्तक तुमच्या जिभेला हाक मारतं. जीभ तयार झालेली असेल तर ठीक, नसेल तर तुम्ही एकटे.

कुकरची शिट्टी हे असंच एक माप. तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं? कुकर केवढा, आत डाळ किती, गॅस मोठा की बारीक, यावर सगळं ठरतं. तरी मराठी घरांत हे वेळेचं एकक आहे आणि घड्याळापेक्षा त्यावर जास्त विश्वास आहे.

*

पुस्तकांइतकाच मला वह्यांचा नाद आहे. माझ्या आईची एक वही आहे, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. लहानपणी मला वाटायचं की आमच्या घरचा सगळा स्वयंपाक त्या वहीत आहे. शेंगोळ्यांच्या निमित्तानं ती मी पहिल्यांदा नीट वाचली. त्यात नानखटाई आहे, अंडं न घालता करायचा केक आहे, छोले आहेत, शेजारच्या काकूंचा ढोकळा आहे, मासिकातून कापून चिकटवलेलं सरबत आहे. भाकरी नाही. पिठलं नाही. ठेचा नाही. शेंगोळे अर्थातच नाहीत.

आधी वाईट वाटलं, मग कळलं की हे असंच असणार. माणूस लिहून ठेवतो ते त्याला येत नसलेलं. आईला भाकरी येत होती, म्हणून ती वहीत आली नाही. वही म्हणजे घरात बाहेरून काय आलं याची नोंद. आमच्या गावच्या घरी ओव्हन कधीच नव्हता, तरी केकची कृती तीन वेळा लिहिलेली आहे. ती केकची हौस वाचताना मला आईचं एक वय दिसलं, जे मी पाहिलेलं नाही. तेवढ्यासाठी ती वही अनमोल आहे. पण आपण काय खात होतो हे शोधायला कुणी ती उघडली, तर त्याचा साफ गैरसमज होईल.

छापील पुस्तकांचंही बऱ्याच अंशी असंच होतं. आपण पुस्तक विकत घेतो ते घरात नसलेल्यासाठी. म्हणून सगळ्यात जवळचं अन्न सगळ्यात आधी निसटतं. त्याला लिहून ठेवायची गरज कुणालाच वाटत नाही, आणि वाटते तेव्हा सांगणारं माणूस गेलेलं असतं. ‘रुचिरा’नं रोजच्या आमटी-कोशिंबिरीलाही मापात बसवलं, कारण सासूपासून दूर गेलेल्या सुनेला रोजचंच अडत होतं. कुणाचं तरी रोजचं असं नीट, घाई न करता लिहिलं गेलं, म्हणून ते टिकलं.

प्रश्न उरतो तो हा, की कुणाचं रोजचं?

*

मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली लिहिलेला एक निबंध यासाठी अजूनही वाचावा. शहरी मध्यमवर्गीय बायकांच्या इंग्रजी पाकपुस्तकांतून ‘भारतीय जेवण’ नावाची गोष्ट कशी घडत गेली, हे त्यांनी दाखवलं. मराठीत हाच खेळ लहान पटावर झाला. ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणून जे ताट छापलं गेलं, त्यात पुरणपोळी, अळूचं फदफदं, मसालेभात असं सणाचं आणि बहुतेक वरच्या जातींचं जेवण मध्यभागी बसलं. बाकीच्यांचं झालंच तर ‘ग्रामीण’ किंवा ‘पारंपरिक’ म्हणून एका प्रकरणात. सारस्वत महिला समाजाचं ‘रसचंद्रिका’ निदान प्रामाणिक आहे. हे आमच्या समाजाचं जेवण, असं ते उघड सांगतं. अडचण होते ती जेव्हा एका समाजाचं जेवण समाजाचं नाव न सांगता सगळ्यांचं म्हणून पुढे येतं.

या ताटाला मराठीत सर्वांत सरळ प्रश्न विचारला तो शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५च्या पुस्तकानं. शीर्षकातला तो एक ‘अ’ बघा. जेवणाआधी म्हणायच्या श्लोकातल्या ‘पूर्णब्रह्म’ला त्यांनी एका अक्षरानं हात घातला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं हा विषय. त्यात चान्या आहेत, म्हणजे मांसाच्या उन्हात वाळवलेल्या पट्ट्या. येसूर आहे. आणि तेल, तूप, दूध ज्या स्वयंपाकघरात सहज मिळत नव्हतं, तिथं चव कशी आणली जायची याचा हिशेब आहे. भूषण कोरगावकरांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर २०२४मध्ये आलं, आणि माझ्या ओळखीतल्या काहींनी मूळ मराठी पुस्तकाचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. यात आपल्या वाचनसंस्कृतीबद्दल जे सांगितलं जातं ते फारसं बरं नाही.

‘अपूर्णब्रह्म’ वाचून झाल्यावर मी पुन्हा ‘नेहमीसारखी फोडणी’कडे गेलो. आता ते वाक्य मला निरागस वाटेना. ज्या घरात तेल कधीमधीच यायचं, तिथं नेहमीची फोडणी म्हणजे काय? पुस्तक कुणाला हाकलत नाही. ते फक्त धरून चालतं, आणि जे धरलेलं असतं त्यात काहीजण बसत नाहीत. ‘-आवे’चं दार उघडं असतं हे खरं, पण दारापर्यंत यायला पायरी लागते. ती पायरी मला होती, सगळ्यांना नव्हती.

पाटोळ्यांच्या पुस्तकाकडे पाककृतींचं पुस्तक म्हणून पाहिलं तर ते ओट्यावर उघडं ठेवून रांधावं असं नाही. त्यात पाककृती आहेत, पण त्यांच्याभोवती जात आहे, गावकी आहे, वाटणी आहे, भूक आहे. माझ्या कानाला या पुस्तकाचं मूळ क्रियापद ‘करायचे’ असं ऐकू येतं. लोक असं करायचे, असं खायचे. ‘करावे’मध्ये उद्याचा स्वयंपाक असतो, ‘करायचे’मध्ये कालचा. काही अन्नांची पुस्तकं अजून ‘करायचे’पर्यंतच पोचली आहेत, याला जबाबदार ती पुस्तकं नाहीत. त्यांना ‘करावे’ म्हणायला जी शंभर-दीडशे वर्षं मिळायला हवी होती, ती मिळाली नाहीत.

*

आता फोन. माझ्या पिढीला पुस्तकापेक्षा व्हिडिओ जवळचा, आणि मला त्याबद्दल नाक मुरडायचं नाही. पुस्तकं ज्याला ‘बदामी रंगावर परतावे’ म्हणतात तो रंग व्हिडिओ दाखवतो. एकतारी पाक आणि गोळीबंद पाक यांतला फरक मी वाचून पाच वेळा चुकलो, बघून एकदाच शिकलो. शिवाय ज्या पदार्थांना कुणी प्रकाशक मिळाला नसता, ते आज गावातल्या चुलीवरून थेट माझ्या हातात येतात. हा बदल खरा आहे.

व्हिडिओनं क्रियापदही बदललं. ‘आता आपण यात कांदा घालून घेऊया.’ ‘आपण’ आला. बोलणारी ताई मला सोबत घेते, सुनेची अट राहत नाही. एकट्यानं रात्री साडेनऊला खिचडी टाकताना तो ‘आपण’ बरा वाटतो.

दोन गोष्टी मात्र खटकतात. एक म्हणजे शब्द. रंग दिसतोय म्हटल्यावर ‘बदामी’, ‘गुलाबीसर’, ‘कडा सुटेपर्यंत’, ‘बोटाला चिकटेनासं होईपर्यंत’ हे म्हणायची गरज उरत नाही. या शब्दांत डोळ्यांबरोबर बोटं आणि नाकही होतं. व्हिडिओत बोटाला काय लागतंय ते दिसत नाही, आणि सांगायचे शब्द जाऊ लागले तर ते शिकायचं कशावरून?

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. शोधायला नाव लागतं. सूची आधी पदार्थाचं नाव विचारते, आणि फोनवरही आपण बहुतेकदा नावच टाकतो. हुलगा टाकला तर एक जग उघडतं, कुळीथ टाकला तर दुसरं. आणि ज्या पदार्थाला घराबाहेर नावच नाही, त्याचं काय? आजी उरलेल्या भाकरीचं एक काहीतरी करायची, ताकातलं. आमच्या घरात त्याला ‘ते’ म्हणत. “आज ते कर.” ‘ते’ कुठल्या सूचीत शोधणार? माणसाला विचारता येतं की पावसात करायचीस ते, त्यात लसूण असायचा ते. माणूस नावाशिवाय शोधू शकतं. ही सोय कुठल्या पुस्तकाच्या सूचीत नाही.

*

शेवटी मी आईला व्हिडिओ कॉल लावला. शेंगोळे तिला येतात हे मला माहीत होतं. पण ते आजीचे नसणार, म्हणून मी सदतीस पुस्तकं आधी पालथी घातली होती. आईला हे सांगितलं नाही.

“हुलग्याचं पीठ घे,” ती म्हणाली.

“किती?”

“तिघं ना तुम्ही? मग तिघांपुरतं.”

मी वाटीनं मोजून दोन वाट्या घेतलं आणि कागदावर लिहिलं. मूठभर ज्वारीचं पीठ, तिखट, हळद, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. घट्ट मळ. तळहातावर वळ्या कर आणि टोकं जोड. लसणाची फोडणी दे, पाणी घाल, उकळी फुटली की कडी सोड.

“पाणी किती?”

“लागेल तसं.”

“आई, नीट सांग ना. लिहून घेतोय मी.”

“अरे, लिहून काय घेतोस? बघ की. बुडले पाहिजेत आणि वर चार बोटं राहिलं पाहिजे. आणि थोडं पीठ कालवून लाव, म्हणजे रस्सा अंगासरशी येतो.”

मी फोन भांड्यावर धरला. ती स्क्रीनमधून वाकून बघत होती. “अजून,” ती म्हणाली. मी ओतलं. “अजून थोडं. बस.” मग म्हणाली, “तुझी आजी यात चिमटीभर गूळ टाकायची. मला नाही आवडत. तू टाक तुला हवा तर.”

सदतीस पुस्तकांत नसलेली गोष्ट ती होती. मी टाकला.

घाल. टाक. बस. या पाककृतीच्या क्रियापदाला कर्ता होता, आणि तो मी होतो. ‘घालावे’ सगळ्यांसाठी असतं, ‘घालूया’ बघेल त्याच्यासाठी, ‘घाल’ एकाच माणसासाठी. तिन्ही लागतात. पण ‘घाल’ म्हणणाऱ्यांना वेळेवर विचारलं नाही, तर पुढे कुणाला ‘घालावे’ लिहायला काही उरत नाही.

मी ते पान आईच्या वहीत चिकटवायचं ठरवलं आहे, अंड्याशिवायच्या तिसऱ्या केकच्या शेजारी. पाणी किती तेही लिहिलं आहे. माझ्या मोठ्या वाटीनं पाच वाट्या. ज्याची वाटी लहान असेल त्यानं मोजत बसू नये. वर चार बोटं राहतील इतकं घालावं.